खिडकी बंद ठेवून

उन्हाच्या गावाला जायचं पक्कं झालं त्या दिवशी मी घरातले सगळे लोकरीचे कपडे एका खोक्यात कोंबले आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'नको' असं लिहिलं. नवरा बघत होता. म्हणाला, "अगं, जाईपर्यंत तरी घालायला ठेव काही. गाडीत बसेपर्यंत थंडी इथलीच आहे." मग मी दोन-चार स्वेटर परत काढले, पण काढतानाही मला राग येत होता. स्वेटरांचा नाही, थंडीचा. माझ्या लेखी थंडी म्हणजे आमच्या घरातलं चौथं माणूस होतं, आणि ते माझ्या मुलीच्या मुळावर उठलं होतं.

मुलीला आमच्याकडे सगळे शहाणी म्हणतात. खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त डॉक्टरांच्या तोंडी. शहाणी, कारण तिने कधी त्रास दिलाच नाही. निदान हिवाळ्यात तरी. ज्या वयात बाकीची पोरं पडदे ओढतात आणि पातेल्यात चपला टाकतात, त्या वयात ही हीटरसमोरच्या गादीवर बाहुली मांडीत घेऊन बसून राहायची. दुपारी जेवून झोपली की दिवेलागणीपर्यंत डोळा उघडायची नाही. शेजारीण म्हणायची, "नशीब काढलंस बाई, आमच्याकडे नुसता धुडगूस." मी हसायचे आणि आतून काळजी करायचे. काळजी करणं हा माझा पूर्णवेळ धंदाच आहे, फक्त पगार मिळत नाही.

शहाणीचा रंग उतरलेला असायचा. सकाळी उठली की कधीकधी ओकायची. माझंही डोकं जड, कुणी ओला टॉवेल आवळून बांधल्यासारखं. थंडी पडली की हे सगळं सुरू व्हायचं, आणि उन्हाळा लागला की आपोआप जायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, टॉनिक दिलं, आणि शेवटी म्हणाले, "काही मुलांना थंडी मानवत नाही." मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले आहे. दोन गोष्टी एकत्र येतात आणि एकत्र जातात, एवढं मला दिसत होतं. याहून सरळ गणित काय असतं?

म्हणून आम्ही निघालो होतो. लांब, खाली समुद्राकडे, जिथे घराला दोन दारं असली तर दोन्ही उघडीच असतात म्हणे. अडचण एकच होती. माझा नवरा हीटर बसवतो आणि दुरुस्त करतो. धाकटा दीरही त्याच्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "दादा, उन्हाच्या गावात हीटरवाला म्हणजे वाळवंटातला होडीवाला." नवऱ्याने तिकडे एसीच्या कंपनीत काम बघून ठेवलं होतं. "पाइप तेच रे," तो म्हणाला, "वारा फक्त उलटा."

आमचं घर दीर आणि जाऊ घेणार होते. जावेला सातवा महिना होता आणि त्यांची खोली गच्चीला लागून, वाऱ्याच्या तोंडी. आमचं घर कसं उबदार, चहूकडून बंद. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

सासूबाईंना मात्र ते घर कधी आवडलं नाही. त्या नणंदेकडे असतात. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे महिनाभर म्हणून आल्या आणि आठवड्यातच बॅग भरून दारात उभ्या राहिल्या. "सूनबाई, तुझ्या घरात माझं डोकं चढतं." एवढंच बोलल्या. पुढे आमचं बोलणं तुटलं नाही, पण त्याला धार आली. फोनवर त्या विचारायच्या, "कशी आहे माझी नात?" आणि मी म्हणायचे, "मजेत. तिचं डोकं चढत नाही."

रविवारी सकाळी दीर आणि जाऊ घर शिकायला आले. शिकायलाच, कारण प्रत्येक घराच्या खोडी असतात. कुठला नळ अर्धाच फिरवायचा, कुठलं दार उचलून लावायचं. शहाणीला नुकतीच अंघोळ घातली होती आणि ती हीटरसमोर गादीवर पेंगत होती. स्वयंपाकघरात सूप उकळत होतं, एक्झॉस्ट पंखा घरघरत होता. बाहेर जिन्याच्या कठड्यावर दव गोठून पांढरं झालं होतं.

मी जावेला माझी विद्या दाखवत होते. "ही बघ, खिडकीच्या चौकटीला चारी बाजूंनी फोमची पट्टी. दरवर्षी नवी लावायची, जुनी दबते. दाराखाली हा गुंडाळलेला टॉवेल. आणि कपाटाच्या वर, छताला लागून, एक झरोका आहे. खालून दिसत नाही, पण तिथून सुरीसारखा वारा येतो. कडाका सुरू झाला की मी त्यात जुनी उशी कोंबते."

"ताई, तुम्ही तर घराला झाकणच लावलंय की," जाऊ म्हणाली.

"बाळ येऊ दे, मग तूही लावशील."

"मी तर तुमच्यापेक्षा घट्ट लावीन. मला मेलीला आत्ताच किती वाजते थंडी, हात बघा." तिने हात माझ्या गालाला लावला आणि आम्ही दोघी हसलो.

तिकडे नवरा दिराला हीटर दाखवत होता. भिंतीतला जुना गॅसचा हीटर, वर छतापर्यंत गेलेलं पत्र्याचं धुराडं. दिराला काही नवीन नव्हतं, पण थोरल्या भावाला शिकवायचं होतं म्हणून तो मान डोलावत होता. नवऱ्याची काडीची परीक्षा आमच्या घरात प्रसिद्ध आहे. धुराडं सुरू होतं त्या फटीशी पेटती काडी धरायची. ज्योत आत ओढली गेली तर धुराडं श्वास घेतंय, सगळी घाण वरून बाहेर जातेय. ज्योत बाहेर झुकली तर सगळं खोलीत येतंय. दरवर्षी थंडीच्या तोंडावर तो हे करायचा, आणि आमची ज्योत दरवर्षी लवून आत जायची, घरंदाज सुनेसारखी. गिऱ्हाइकांच्या घरी तो ही घाण खोलीत साठली की भोंगा वाजवणारी एक डबीही लावायचा. आमच्याकडे नव्हती. "मी घरात असताना डबी कशाला?" असं म्हणायचा.

त्याने काडेपेटी काढली आणि सवयीने खिडकीकडे वळला. त्याच्या उस्तादाचा नियम होता: गॅसला हात लावायच्या आधी खिडकीला हात. आयुष्यात त्याने तो मोडला नव्हता.

"आज नको रे," मी म्हणाले. "आत्ताच अंघोळ झालीये तिची. आणि ह्या पोटुशीला बघ, कुडकुडतेय."

"एक मिनिट फक्त."

"एका मिनिटात न्यूमोनिया होतो."

दीर हसला. "दादा, वहिनींचा हुकूम. उस्तादाच्या वरचं कोर्ट आहे ते."

नवराही हसला. खिडकीवरचा हात खाली घेतला, काडी ओढली आणि फटीशी धरली.

ज्योत बाहेर झुकली.

मला वाटलं त्याचा श्वास लागला असेल. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने तोंड बाजूला वळवून दुसरी काडी पेटवली. ज्योत सरळ त्याच्या अंगठ्याकडे वाकली, थरथरली आणि विझली. तिसरी तर नीट पेटलीच नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त त्यातला माणूस निघून गेला होता.

"दादा?" दीर म्हणाला.

"माझी पिशवी आण."

दिराने कामाची पिशवी आणली. नवऱ्याने त्यातली नवी डबी काढली, कुठल्यातरी गिऱ्हाइकासाठी घेतलेली, आणि बटण दाबून गादीजवळ जमिनीवर ठेवली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मी "बघ, काही नाही" असं म्हणायला तोंड उघडलं, आणि ती डबी बोंबलली. तेवढ्याशा डबीतून एवढा आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. जावेने कान दाबले. दिराने झडप घालून गॅसची चावी फिरवली.

आणि शहाणी झोपलेलीच राहिली.

ते मी पाहिलं. घरात कानठळ्या बसत होत्या आणि माझी मुलगी बाहुलीच्या पायावर गाल ठेवून शांत झोपली होती. शहाणी! मी हाक मारली. नवऱ्याने तिला उचललं तेव्हा तिची मान मागे पडली. मी दाराखालचा टॉवेल लाथेने उडवला. जिन्यात आलो. तो तिच्या गालांवर थापट्या मारत होता आणि तिचं खरं नाव घेत होता, जे त्याने कधी घेतलं नव्हतं. गोठलेल्या हवेत तिने एकदा श्वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला, मग डोळे किलकिले केले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "थंडी."

त्या शब्दासाठी मी तिची आयुष्यभर ऋणी आहे.

इस्पितळात त्यांनी तिच्या तोंडावर मास्क लावला, तिचं आणि माझं रक्त घेतलं, जावेचंही. डॉक्टर तरुण होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डोकं दुखायचं? मळमळ? मूल जास्त झोपायचं? आणि घराबाहेर पडलं की बरं वाटायचं?" मी प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होते. माझ्या घरात कधी न आलेली बाई माझ्या घराचं वर्णन करत होती. "कार्बन मोनॉक्साइड," ती म्हणाली. "वास नाही, रंग नाही. थंडीचा काहीच संबंध नाही हो. वेळेवर आलात. दोघीही ठीक व्हाल." मग जावेकडे वळून जरा हळू म्हणाली, "तुम्ही तिथे थोडाच वेळ होतात, म्हणून बरं."

जाऊ बाकावर बसली होती, दोन्ही हात पोटावर. "आम्ही येत्या आठवड्यात राहायला येणार होतो," ती कुणालाच उद्देशून नाही असं बोलली. "मी म्हटलं ना, ताईंपेक्षा घट्ट लावीन."

मी तिच्या शेजारी बसले. मीच तिला पट्टीचं टोक कसं दाबायचं ते दाखवलं होतं.

नवरा भिंतीला टेकून उभा होता. खिशातून निघालेली काळी पडलेली काडी तो बोटांत फिरवत होता. "मी दरवर्षी बघत होतो," तो म्हणाला. "दरवर्षी."

"खिडकी उघडून," दीर म्हणाला.

तो टोमणा नव्हता. दीर फक्त मोठ्याने विचार करत होता. पण त्याने तसं म्हटलं आणि मला सगळं एकदम दिसलं, खोलीत दिवा लावल्यावर दिसावं तसं. खिडकी उघडी असली की धुराड्याला हवा मिळायची आणि ज्योत आत लवायची. तो समाधानाने खिडकी लावून कामाला जायचा, आणि त्याच्यामागे मी एकेक फट बुजवायचे. शिवाय स्वयंपाकघरातला पंखा लावायचे. पंख्याला ओढायला हवा हवी, ती कुठून यायची? उरलं होतं फक्त धुराडं. वरून बाहेर जायचं ते खाली माझ्या मुलीच्या गादीवर यायचं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. एकानेही हयगय केली असती तर ती इतकी शहाणी झाली नसती.

मी हे मोठ्याने म्हणाले की काय, कोण जाणे. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तो म्हणेल, तू बंद करायचीस. मीही तयार होते, तू बंद करून कधी बघितलंस का, असं म्हणायला. पण तो म्हणाला, "किती घरं असतील गं?"

"कसली घरं?"

"जिथे मी खिडकी उघडून काडी धरली."

संध्याकाळी मी सासूबाईंना फोन केला. डोकं चढण्याचं सांगायला हवं होतं, आणि ते नवऱ्याने सांगावं असं मला वाटेना. मी सगळं सांगितलं. मी मनात म्हटलं, आता येईल, 'मी म्हटलं नव्हतं?' येऊ दे. त्यांचा हक्कच होता.

"अगं," त्या म्हणाल्या, "मी तर तुलाच बोलत होते."

"म्हणजे?"

"मला वाटलं, तुझ्या त्या सारख्या सूचनांनी डोकं चढतंय. हे बंद करा, ते लावा, तिथे बसू नका. म्हणून निघून गेले. मला काय माहीत खरंच..." आणि त्या रडायला लागल्या. "पोरीला तिथे ठेवून आले गं मी. आपलं डोकं उचललं आणि आले."

माझ्या आठवणीत सासूबाई माझ्याशी बोलताना पहिल्यांदा रडल्या. मी म्हणाले, "आई, तुम्ही राहिला असतात तर आपण दोघी एकमेकींनाच दोष देत बसलो असतो." त्या नाक ओढत म्हणाल्या, "ते तर आहेच."

शहाणीला घरी आणलं तेव्हापासून हीटर बंद. धुराड्याचं तोंड नवऱ्याने पत्र्याने बांधून टाकलं. झरोक्यातली उशी मी काढली तेव्हा तिच्या एका बाजूला धुळीचा ठसा होता, झरोक्याच्या जाळीचा, चौकोन चौकोन. एक विजेची शेगडी आणली, ती खोलीच्या एका कोपऱ्यापुरतीच तापते. खिडकी बोटभर उघडी. 'नको' लिहिलेलं खोकं परत उघडलं आणि आम्ही घरात टोप्या घालून जेवायला लागलो. इतकी थंडी आमच्या घरात कधीच नव्हती.

आणि त्या थंडीत शहाणी जागी झाली.

दुसरा शब्द मला सुचत नाही. आधी तिने दुपारची झोप सोडली. मग एकदा माझ्या मागे काहीतरी धडामकन पडलं आणि मी वळून बघितलं, तर ती खुर्चीवर चढून डाळीचा डबा उलटा करून उभी होती. गाल लाल, डोळे चकाकत. मी ओरडले, तर ती खदखदून हसली आणि पळाली. पळाली! हिवाळ्यात तिला धावताना मी कधी पाहिलंच नव्हतं. मी तशीच जमिनीवर बसून डाळ गोळा करायला लागले. ही कोण मुलगी आहे? तीन हिवाळे मी जिची वेणी घातली, जिला शहाणी म्हणून चारचौघांत मिरवलं, ती कोण होती? मी तिच्या स्वभावाचं कौतुक करत होते. तो तिचा स्वभाव नव्हताच.

निघायचा दिवस आला आणि गेला. तिकिटं परत केली. एसीच्या कंपनीला नवऱ्याने फोन करून सांगितलं की येता येणार नाही, इथे काम राहिलंय. ते काम अजून चालू आहे. रोज तो आणि दीर जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन उभे राहतात. लोक म्हणतात, आम्ही तर बोलावलं नाही. तो सांगतो, पैसे नकोत, फक्त तुम्ही रोज जसे राहता तसं घर बंद करा, पंखा लावा, आणि मला एक काडी धरू द्या. काहींना वाटतं, याचं डोकं फिरलंय. परवा तो आला तेव्हा चहा न घेताच बसून राहिला. एका म्हाताऱ्या जोडप्याकडे ज्योत बाहेर झुकली होती. "तेही म्हणत होते, यंदा थंडी बाधली," तो म्हणाला.

उन्हाच्या गावाचं आता आम्ही बोलत नाही. जावंसं वाटत नाही असं नाही. पण ज्याच्यापासून पळत होतो ते माहीत झालं, आणि ते आम्ही बरोबर घेऊन निघालो नव्हतो, मागे धाकट्यांना देऊन निघालो होतो. जावेने परवा विचारलं, "ताई, बाळाला इथे आणू ना? आता तर हीटर नाही." मी हो म्हणाले. मग म्हणाले, थांब. मग पुन्हा हो म्हणाले.

आज शहाणीने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. नवऱ्याच्या बुटात पाणी ओतलं, बाहुलीचे केस कापले. जेवता जेवता तिचे डोळे मिटायला लागले आणि ती ताटाशेजारीच आडवी झाली. कितीतरी दिवसांनी ती दुपारची झोपली होती. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "झोपली का? मग तूही पड जरा." मी मान हलवली. मग तिच्या तोंडापाशी हात धरून बसले. श्वास येत होता. खिडकी बोटभर उघडी होती, शेगडी बंद होती, डबी भिंतीवर हिरवी चमकत होती. सगळं ठीक होतं. मूल खेळून दमलं की झोपतं, हे मलाही कळतं.

तरी मी तिच्या खांद्याला हात लावला आणि तिला हलवून उठवलं.

तिने डोळे उघडले, भोकाड पसरलं आणि मला लाथ मारली. चांगली जोरात, बरगडीत.

"मार," मी म्हणाले. "अजून मार."